आमदार पुन्हा उभे आहेत: विधानसभा निवडणुकीबद्दल सारखे येणारे प्रश्न

मी शाळेत शिकवतो आणि आतापर्यंत बऱ्याच निवडणुकांना ड्युटी केलीय, कधी मतदान अधिकारी म्हणून तर कधी केंद्राध्यक्ष म्हणून. २०२४ च्या विधानसभेच्या आधी व्हॉट्सअॅपवर प्रश्नांचा पाऊस पडला होता आणि गंमत म्हणजे तो अजून थांबलेला नाही, तेच तेच प्रश्न फिरून येतात. म्हणून एकदाच सगळं इथे टाकतोय. बहुतेक उदाहरणं २०२४ चीच आहेत कारण ती सगळ्यांना आठवतात.

१. सर, अगदी बेसिक विचारतो. विधानसभा म्हणजे कुठली निवडणूक आणि २०२४ ला नेमकं काय झालं होतं?

लोकसभेला खासदार, विधानसभेला आमदार, आणि नगरसेवक-सरपंचांची निवडणूक तिसरीच, ती राज्य निवडणूक आयोग घेतो. महाराष्ट्रात विधानसभेच्या २८८ जागा आहेत, त्यातल्या २९ अनुसूचित जातींसाठी आणि २५ अनुसूचित जमातींसाठी राखीव, बहुमताला १४५ लागतात. २०२४ ला २० नोव्हेंबरला एकाच टप्प्यात मतदान झालं आणि २३ ला निकाल. भाजप १३२, शिंदेंची शिवसेना ५७, अजितदादांची राष्ट्रवादी ४१. समोर उद्धव ठाकरेंची सेना २०, काँग्रेस १६, शरद पवारांची राष्ट्रवादी १०. म्हणजे सत्तेतलीच युती परत आली, आणि अशी आली की विरोधी पक्षनेतेपदासाठी २९ आमदार धरतात तेवढे समोरच्या एकाही पक्षाकडे उरले नाहीत.

२. एक माणूस किती वेळा आमदार होऊ शकतो? आणि पुन्हा उभं राहायला राजीनामा द्यावा लागतो का?

लिमिट नाही. वय २५ पूर्ण, मतदार यादीत नाव आणि कायद्याने अपात्र नसणं, एवढंच बघतात. सांगोल्याचे गणपतराव देशमुख ११ वेळा निवडून आले, पहिल्यांदा १९६२ ला. मधे १९७२ आणि १९९५ ला ते पडले सुद्धा, हे लोक विसरतात. त्याच सांगोल्यात २०१९ ला शहाजीबापू पाटील ७६८ मतांनी आले, पुढे गुवाहाटीहून 'काय झाडी, काय डोंगर' म्हणून देशभर गाजले, आणि २०२४ ला गणपतरावांचे नातू बाबासाहेब देशमुख यांनी त्यांना पाडलं. संगमनेरला सलग आठ टर्म काढलेले बाळासाहेब थोरात सुद्धा त्याच दिवशी पडले. तेव्हा 'आमच्याकडे दुसरं कोणी येऊच शकत नाही' हे वाक्य जरा जपून वापरा.

राजीनाम्याची गरज नाही. सभागृहाची मुदत ५ वर्षांची असते, आधीच्या विधानसभेची २६ नोव्हेंबर २०२४ ला संपत होती आणि निवडणूक त्याच्या आत उरकली. प्रचाराच्या काळात ते आमदारच असतात, पण मशीनवरच्या मतपत्रिकेत 'विद्यमान आमदार' असलं काही छापत नाहीत, तिथे सगळे नुसते उमेदवार.

३. आमचे आमदार आमच्या मतदारसंघात राहतच नाहीत, त्यांचं मत पण दुसरीकडे आहे. हे चालतं का?

चालतं. राज्यातल्या कुठल्याही मतदारसंघाच्या यादीत नाव असलं की राज्यात कुठूनही उभं राहता येतं (राखीव जागेला त्या प्रवर्गाचा दाखला हवा). आदित्य ठाकरे राहतात वांद्र्यात, लढतात वरळीतून. एकाच वेळी जास्तीत जास्त दोन जागा लढवता येतात आणि दोन्ही जिंकल्या तर एक सोडावी लागते.

४. २०१९ ला आम्ही ज्या चिन्हावर मत दिलं तेच आमदार आता दुसऱ्याच चिन्हावर मत मागतायत. मग आम्ही कोणाला मत दिलं होतं?

हा प्रश्न सगळ्यात जास्त आला आणि चिडून आला. कायद्याने मत माणसाला जातं, चिन्ह ही त्याची ओळख. पण आपण मत देताना चिन्ह बघतो हे सगळ्यांनाच माहितीय, म्हणून तर भांडण चिन्हाचं झालं. फेब्रुवारी २०२३ मध्ये केंद्रीय निवडणूक आयोगाने शिवसेना हे नाव आणि धनुष्यबाण शिंदे गटाला दिला, ठाकरेंकडे मशाल आली. फेब्रुवारी २०२४ मध्ये घड्याळ अजितदादांकडे गेलं आणि पवारसाहेबांकडे तुतारी वाजवणारा माणूस आला. घड्याळ वापरताना 'प्रकरण न्यायप्रविष्ट आहे' असं जाहिरातीत लिहायला सुप्रीम कोर्टाने लावलं होतं, ते बारीक अक्षरात कितीजणांनी वाचलं देव जाणे.

पक्षांतरबंदीचा कायदा आहे पण आमदाराला अपात्र ठरवायचं का हे विधानसभा अध्यक्ष ठरवतात, आणि त्यात अर्धी टर्म जाते. मतदाराला मधेच आमदार परत बोलावता येत नाही, तशी सोयच नाही, वाट बघायची आणि पुढच्या निवडणुकीला काय ते बोलायचं. चिन्हांच्या गोंधळाचं अजून एक प्रकरण आहे, ते प्र. ११ मध्ये.

५. आचारसंहिता लागली की आमदारांची सगळी कामं बंद होतात का? आमच्या गल्लीतला रस्ता अर्धाच राहिलाय.

अर्धा राहिलाय म्हणजे काम सुरू झालेलं आहे, तर ते चालू राहू शकतं. नियम असा आहे की प्रत्यक्ष जागेवर सुरू झालेलं काम थांबवायचं नाही, पण नुसती वर्क ऑर्डर निघालीय आणि जागेवर काही नाही तर ते सुरू करायचं नाही. नवीन घोषणा, भूमिपूजन, उद्घाटन बंद. आमदार निधीतून (वर्षाला ५ कोटी असतो) नवीन पैसे सोडणं बंद. म्हणून तर आचारसंहितेच्या आदल्या आठवड्यात नारळ फोडायची शर्यत लागते. आमच्याकडे एका दिवसात एकाच रस्त्यावर तीन नारळ फुटले, सुरुवातीला, मधे आणि शेवटी, खडी मात्र एक ब्रासच येऊन पडली होती. मग १५ ऑक्टोबरला आयोगाची पत्रकार परिषद झाली आणि संध्याकाळपर्यंत ग्रामपंचायतीचा शिपाई कोनशिलेवरच्या नावांना वर्तमानपत्राचा कागद चिकटवत होता, खळ संपली म्हणून शेवटी भाताची शितं लावली.

मंत्री असतील तर सरकारी गाडी प्रचाराला चालत नाही, सरकारी दौरा आणि प्रचार एकत्र करता येत नाही. उल्लंघन दिसलं तर सी-व्हिजिल अॅपवर जागेवरूनच फोटो किंवा व्हिडिओ टाका, १०० मिनिटांत दखल घ्यायची असं त्याचं गणित आहे. गॅलरीतले जुने फोटो त्यात चढत नाहीत, 'अॅप चालत नाही' म्हणणारे निम्मे तिथेच अडकतात.

६. मी लाडकी बहीणचे पैसे घेते. आमदारांच्या माणसाने सांगितलं की मत दिलं नाही तर पैसे बंद होतील. खरंय का ताई-दादा?

नाही. ताई, पैसे सरकारी तिजोरीतून येतात, कोणाच्या खिशातून नाही. वय २१ ते ६५, कुटुंबाचं उत्पन्न अडीच लाखांच्या आत वगैरे अटी आहेत, त्यात बसलात तर पैसे येणार आणि पुढे पडताळणीत बसला नाहीत तर बंद होणार, मत कोणालाही दिलेलं असो. आणि तुम्ही मत कोणाला दिलं हे त्या माणसाला कळणारच नाही, कसं ते प्र. ७ मध्ये लिहिलंय. असं धमकावणं हा गुन्हा आहे, कोणी बोललंच तर १९५० वर फोन करा.

बाकी या योजनेने निवडणूक फिरली का हा वेगळा विषय. जुलै २०२४ पासून महिना १५०० सुरू झाले, ऑक्टोबर-नोव्हेंबरचे आचारसंहितेच्या आधीच खात्यात पडले, मग प्रचारात महायुती २१०० म्हणाली आणि महाविकास आघाडी ३०००. माझं मत विचाराल तर फरक पडला, पण तेवढ्यानेच पडला असं म्हणणारे सोयाबीन-कापसाचे भाव, जातीची गणितं आणि उमेदवार कोण होता हे सगळं एका १५०० च्या पाकिटात कोंबतात.

७. मत कोणाला दिलं हे कळतं का? आमच्या इथे म्हणतात 'बूथवर आमचं लक्ष आहे'.

तुमचं एकटीचं किंवा एकट्याचं मत कळत नाही. मशीनमध्ये कुठलं बटण दाबलं याची नोंद होते, कोणी दाबलं याची होत नाही. आमच्याकडच्या रजिस्टरमध्ये तुमची सही आणि अनुक्रम असतो पण तो मशीनमधल्या मताशी जोडता येत नाही. व्हीव्हीपॅटची (दिलेलं मत छापून दाखवणारं मशीन) चिठ्ठी ७ सेकंद दिसते आणि आत डब्यात पडते, हातात मिळत नाही.

पण अर्धं खरं काय आहे ते पण सांगतो. बूथचा एकूण हिशोब कळतो. मोजणी बूथप्रमाणे होते आणि नंतर फॉर्म २० मध्ये प्रत्येक केंद्रावर कोणाला किती पडली ते जाहीर होतं. म्हणजे तुमच्या वाडीचा एकच बूथ असेल आणि तिथे आमदारांना ८० च मतं पडली तर ते त्यांना कळणार, आणि मग 'त्या वाडीने दगा दिला' सुरू होतं. अनेक बूथ एकत्र मोजायचं यंत्र, टोटलायझर, याचा प्रस्ताव बरीच वर्षं पडून आहे, सरकारने काही घेतला नाही. माझ्या मते लहान गावांसाठी ते यायला हवं होतं.

८. आमदारांनी ५ वर्षांत काय केलं हे खरं कुठे बघायचं? फ्लेक्सवर तर सगळंच त्यांनी केलंय.

प्रतिज्ञापत्र बघा, फॉर्म २६ म्हणतात. अर्जासोबत ते द्यावंच लागतं आणि आयोगाच्या साइटवर किंवा 'नो युअर कँडिडेट' अॅपवर कोणालाही दिसतं. त्यात गुन्हे, स्थावर-जंगम मालमत्ता, कर्ज, शिक्षण सगळं असतं, बायको-नवऱ्याच्या नावावरचं पण. विद्यमान आमदाराच्या बाबतीत मजा अशी की मागच्या निवडणुकीचंही प्रतिज्ञापत्र तिथेच सापडतं. दोन्ही शेजारी उघडा आणि नुसता जमिनीचा रकाना वाचा, गट नंबरसकट असतो. वाढ झाली म्हणजे चोरी झाली असं नाही हो, जमिनीचे भाव वाढतात, वारसाने येतं, पण प्रश्न विचारायला हातात काहीतरी कागद असतो.

दुसरं, विधिमंडळाच्या साइटवर प्रश्नोत्तरांच्या याद्या आणि कामकाज मिळतं, तिथे तुमच्या आमदाराचं नाव शोधा. मंत्री असतील तर ते प्रश्न विचारत नाहीत, उत्तरं देतात, तेव्हा नाव सापडलं नाही म्हणून लगेच पोस्ट टाकू नका.

आणि तिसरं, जे आमदाराचं कामच नाही त्याचा हिशोब त्याच्याकडे मागू नका आणि त्याचं श्रेयही त्याला देऊ नका. शहरात गल्लीतली गटार आणि कचरा ही महापालिकेची कामं, हायवे बहुतेक केंद्राचा, रेल्वेचा थांबा खासदाराने भांडून आणायचा. फ्लेक्सवर हे सगळं एकाच फोटोखाली असतं.

९. खर्चाची मर्यादा ४० लाख आहे म्हणतात. मग एवढ्या गाड्या, जेवणावळी?

४० लाख ही उमेदवाराची मर्यादा, पक्षाच्या खर्चाला मर्यादा नाही, तिथेच सगळं आलं. स्टार प्रचारकांचा प्रवासखर्च पक्षाच्या खात्यात जातो. जिल्ह्यात दरपत्रक ठरतं, चहा, वडापाव, खुर्ची, मंडप, सगळ्याचे दर, आणि खर्चाचे लोक सभेत खुर्च्या मोजतात. निकालानंतर ३० दिवसांत हिशोब द्यायचा, नाही दिला तर ३ वर्षं अपात्र होऊ शकतो. अनामत १० हजार, अनुसूचित जाती-जमातींना ५ हजार, आणि वैध मतांच्या एक षष्ठांशापेक्षा जास्त मिळाली नाहीत की जप्त.

१०. व्होटर आयडी आहे पण यादीत नाव नाही. आणि उलटं, यादीत नाव आहे पण आयडी हरवलंय. आणि एकदा तर माझ्या नावावर आधीच कोणीतरी मतदान करून गेलं होतं!

तीन वेगळ्या गोष्टी आहेत.

यादीत नाव नाही तर कार्ड असून उपयोग नाही, मतदान होत नाही, केंद्रावर आमच्याशी कितीही भांडलात तरी. आमच्या हातात त्या दिवशी फक्त यादी असते. एक आजोबा १९९५ पासूनच्या सगळ्या चिठ्ठ्या पिशवीत घेऊन आले होते, त्यांना परत पाठवताना मला कसं वाटलं ते मलाच माहीत. म्हणून निवडणूक नसताना वर्षातून एकदा नाव तपासा, नवीन नावाला फॉर्म ६, पत्ता बदल किंवा दुरुस्तीला फॉर्म ८.

नाव आहे, कार्ड नाही: आधार, पॅन, लायसन्स, पासपोर्ट, फोटो असलेलं बँक किंवा पोस्टाचं पासबुक, नरेगाचं जॉब कार्ड, यातलं काहीही चालतं. मोबाईलमधला फोटो दाखवू नका, मुळात मोबाईल केंद्रात चालत नाही.

नावावर कोणीतरी करून गेलं: घरी जाऊ नका. केंद्राध्यक्षाला सांगा 'मला प्रदत्त मत द्यायचंय'. तुमची ओळख पटली की छापील मतपत्रिका मिळते, शिक्का मारायचा, ती वेगळ्या पाकिटात बंद होते. खरं सांगायचं तर ती मतं निकालाच्या दिवशी मोजत नाहीत, प्रकरण कोर्टात गेलं तरच उघडतात. तरी द्या. २०२४ ला मालेगाव मध्यची जागा १६२ मतांनी ठरली आणि साकोलीला नाना पटोले २०८ मतांनी आले, अशा ठिकाणी ते पाकीट रिकामं नसलेलं बरं.

११. मशीनवर एकाच नावाचे दोन-तीन उमेदवार असतात, मुद्दाम उभे करतात का?

मुद्दाम का ते सिद्ध करणं अवघड, पण योगायोग फार वेळा होतो एवढं म्हणतो. नावासमोर फोटो असतो तो बघा. आधी मान्यताप्राप्त पक्षांचे उमेदवार, मग नोंदणीकृत पक्षांचे, मग अपक्ष, आणि प्रत्येक गटात मराठी वर्णानुक्रम, त्यामुळे मोठ्या पक्षाचा उमेदवार शक्यतो वरच सापडेल. एका युनिटवर १६ बटणं असतात, नोटा ('यापैकी कोणीही नाही' हे बटण) धरून. माजलगावला ३४ उमेदवार होते म्हणजे तीन-तीन युनिट शेजारी, म्हाताऱ्या माणसांची खरंच तारांबळ होते.

चिन्हाचं प्रकरण म्हणजे पिपाणी. २०२४ च्या लोकसभेला साताऱ्यात शरद पवारांच्या पक्षाचे शशिकांत शिंदे ३२,७७१ मतांनी पडले आणि पिपाणीवाल्या अपक्षाला ३७ हजारांवर मतं गेली, कारण त्या चिन्हाचं मराठी नावही तुतारीच होतं. विधानसभेला चिन्ह राहिलं, नाव तेवढं 'ट्रम्पेट' केलं.

१२. बटण एक दाबलं आणि चिठ्ठीवर दुसरंच आलं तर?

तिथेच, लगेच केंद्राध्यक्षाला सांगायचं, बाहेर जाऊन व्हिडिओ करून नाही. लेखी घोषणा द्यावी लागते, मग एजंटांसमोर तुम्हाला चाचणी मत द्यायला लावतात. खरं निघालं तर मतदान थांबतं. खोटं निघालं तर कारवाई होऊ शकते हे आधी सांगतात, आणि ते ऐकून बहुतेक जण 'नाही सर, मलाच नीट दिसलं नसेल' म्हणतात. लोकांनी घाबरावं अशी ही रचना मला पटत नाही पण नियम असा आहे. मतदानाआधी पहाटे एजंटांसमोर किमान ५० मतांचं मॉक पोल होतं, चिठ्ठ्या मोजून ताळा घेतात, मग क्लिअर करून सील. तुमच्या पक्षाचा एजंट त्या वेळी झोपलेला असतो ही खरी अडचण आहे.

१३. संध्याकाळी ५ ला ५८ टक्के आणि शेवटी ६६ कसं झालं?

५ वाजताचा आकडा ५८.२२ होता आणि अंतिम ६६.०५. फरक साधारण ७६ लाख मतांचा. ऐकायला प्रचंड वाटतो, पण केंद्रं १ लाखाच्या वर होती, म्हणजे केंद्रामागे ७५-७६ मतं. दिवसभराची सरासरी तासाला साधारण ५८ येते. ६ वाजता रांगेत असलेल्या सगळ्यांना चिठ्ठ्या वाटून मतदान करू देतात, रांगेच्या शेवटच्या माणसापासून वाटत पुढे येतात म्हणजे मागून कोणी घुसत नाही. मी स्वतः पावणेआठला मशीन बंद केलंय. शिवाय दिवसातले आकडे फोनवरून गोळा केलेले अंदाज असतात, खरा आकडा फॉर्म १७-सी वर असतो आणि त्याची प्रत एजंटला मिळते.

म्हणून फरक आहे एवढ्यावरून घोटाळा सिद्ध होत नाही. पण त्यानंतर डिसेंबर २०२४ मध्ये नियम बदलून सीसीटीव्हीसारखी इलेक्ट्रॉनिक कागदपत्रं लोकांना बघायला मिळणं अवघड केलं, ते चुकलंच. माळशिरसच्या मारकडवाडीत लोकांनी स्वतःच बॅलेटवर मतदान घेऊन बघायचं ठरवलं तर प्रशासनाने ते होऊ दिलं नाही, आणि तिथला निवडून आलेला आमदार विरोधी बाजूचाच होता. माणूस जिंकूनही शंका घेतो म्हटल्यावर त्याला नुसतं गप्प बस म्हणून चालत नाही.

१४. नोटाला सगळ्यात जास्त मतं पडली तर फेरनिवडणूक होते ना? व्हॉट्सअॅपवर आलंय.

विधानसभेला होत नाही. नोटानंतर ज्याला जास्त तो निवडून येतो. तुमच्या मेसेजचा उगम असा की २०१८ ला महाराष्ट्राच्या राज्य निवडणूक आयोगाने स्थानिक संस्थांसाठी फेरनिवडणुकीचा नियम केला, तो लोकांनी विधानसभेला चिकटवला. २०१९ ला लातूर ग्रामीणमध्ये नोटा दुसऱ्या नंबरवर होतं, २७ हजारांवर मतं, पलूस-कडेगावलाही तसंच, २० हजारांवर. दोन्हीकडे काँग्रेसचे आमदार लाखावर मतं घेऊन आरामात आले.

१५. आम्ही शिंदेसाहेबांना सीएम म्हणून मत दिलं होतं. सरकार तेच आलं मग सीएम का बदलला?

कारण सीएमला आपण मत देतच नाही. आपण आमदाराला देतो, आमदारांचं बहुमत ज्याच्यामागे त्याला राज्यपाल शपथ देतात. कोपरी-पाचपाखाडीत शिंदे लाखाच्या वर फरकाने जिंकले, युती २३० वर गेली, पण त्यात १३२ भाजपचे म्हटल्यावर ५ डिसेंबरला आझाद मैदानावर शपथ फडणवीसांनी घेतली आणि शिंदे उपमुख्यमंत्री झाले. २०१९ ला उलटं झालं होतं, फडणवीस 'मी पुन्हा येईन' म्हणत लढले, भाजप-शिवसेना युतीला बहुमत मिळालं आणि सीएम झाले उद्धव ठाकरे, जे तेव्हा आमदारही नव्हते (सहा महिन्यांत व्हावं लागतं, ते मे २०२० ला विधान परिषदेवर गेले).

१६. आमदार मधेच वारले तर पोटनिवडणूक होतेच ना?

सहा महिन्यांत घ्यायची असते, पण उरलेली मुदत वर्षापेक्षा कमी असेल तर नाही. अकोला पश्चिमचे गोवर्धन शर्मा नोव्हेंबर २०२३ मध्ये गेले, आयोगाने पोटनिवडणूक जाहीरही केली, तर हायकोर्टाच्या नागपूर खंडपीठाने मार्च २०२४ मध्ये ती रद्द केली, कारण येणाऱ्या आमदाराला वर्षसुद्धा मिळालं नसतं. म्हणजे तिथले लोक जवळजवळ वर्षभर आमदाराशिवायच होते.

१७. मी पुण्यात नोकरीला, मत गावाला. दोन्हीकडे ठेवू का? आणि भाऊ दुबईत आहे, त्याला ऑनलाइन करता येईल?

दोन्हीकडे ठेवणं गुन्हा आहे, एकच ठेवा, जिथे खरंच राहता तिथलं, फॉर्म ८ भरून हलवा. गावचं ठेवायचा मोह होतो कारण आमदार ओळखीचा असतो आणि मतदानाला गाडी पाठवतो, ती गाडी घेणं पण नियमात बसत नाही बरं का. भावाने दुसऱ्या देशाचं नागरिकत्व घेतलं नसेल तर फॉर्म ६-ए भरून पासपोर्टवरच्या पत्त्यावर नाव लावता येतं, मत द्यायला मात्र मूळ पासपोर्ट घेऊन गावच्या केंद्रावरच यावं लागतं. ऑनलाइन काही नाही. येताना तिकीट थोडं आधीचं काढायला सांगा, शेवटच्या दोन दिवसांत मुंबईहून गावाकडे जाणाऱ्या एसटीला उभं राहायला जागा नसते.